लहान मुलांना नाटकाला केव्हा न्यावे?

भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरू लागतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. घरी आलेल्या पाहुण्यांसोबत तान्ही मुलेही मंडपात जातात. मात्र हे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

तीन वर्षांखालील मुलास नेऊच नये. उघड्यावरची थंडी आणि कर्ण्याचा आवाज त्याला सोसत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. शिवाय रंगमंचावरचा खून खोटा आहे, हे त्याला नीट उमगत नाही. मग ते झोपेत दचकून उठते.

मोठ्या मुलाबाबत तीन गोष्टी पाहाव्या. अर्धा तास बसून ते गोष्ट ऐकते काय? 'हे सोंग आहे' असे सांगितल्यास त्याला पटते काय? भूक, लघवी, भीती सांगते काय? तिन्ही उत्तरे 'होय' असल्यास आधी दिवसाची दंडार दाखवावी. तेथे रमल्यास सहा-सात वर्षांच्या पुढे नाटकाचा पहिला अंक दाखवून घरी आणावे. कर्ण्यापासून दूर बसावे, कानटोपी घालावी. ताप-खोकला असल्यास नेऊ नये. मूल घाबरून रडल्यास दटावू नये, बाहेर न्यावे.

लेकरासाठी दरवेळी आईनेच घरी राहावे, असे नाही. आज या गावी, उद्या शेजारच्या गावी नाटक असतेच. एक रात्र आईने जावे, दुसऱ्या रात्री वडिलांनी.