जुन्या घराची दुरुस्ती : ओझे, बांधणी आणि पाणी

‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. ज्यांनी जुन्या घराची डागडुजी केली आहे, ते तिला ‘घर पाहावे दुरुस्त करून’ अशी पुस्ती निश्चितच जोडतील. नवे घर उभारताना पाया, भिंती, छत आणि शेवटी रंगरंगोटी हा क्रम आपोआपच पाळला जातो. दुरुस्तीत तसा क्रम ठरलेला नसतो. जे डोळ्यांना खुपते त्यावर आधी पैसा खर्च होतो. फरशी बदलते, स्नानगृह नवे होते, भिंतींना रंग लागतो. परंतु ज्या सांध्यांवर घरातील माणसांचा जीव अवलंबून असतो ते सांधे तसेच राहतात. विशेषतः जेथे उन्हाळा कडक आहे आणि भूकंपाची शक्यताही मोठी आहे, तेथे हा क्रम चुकणे महागात पडू शकते.

नूतन मराठी शाळा व बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे दिल्लीकर मराठी माणसाला पहाडगंज सुपरिचित आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वसलेल्या या दाट वस्तीत अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या जुन्या इमारती आढळतात. अनेक घरांची छते लोखंडी गर्डरांवर टेकवलेल्या दगडी पट्ट्यांची आहेत. भिंतींचे सांधे कोठे चुना-सुरखीचे, तर कोठे नंतरच्या सिमेंटचे. मूळ घरावर पुढे मजले चढले, तळमजल्यावर दुकाने आली. अशा घराची दुरुस्ती कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे. तो पुण्यातील वाड्याला किंवा मराठवाड्यातील दगडी घरालाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

एकाच भिंतीच्या दोन परीक्षा

भूकंपविषयक भारतीय मानक १८९३ च्या २००२ व २०१६ या आवृत्त्यांतील नकाशांत दिल्ली चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या क्षेत्रात दाखविलेली आहे. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी धौला कुवाँ परिसरात केंद्र असलेल्या ४.० तीव्रतेच्या धक्क्याने दिल्लीकर खडबडून जागे झाले. त्या धक्क्याने मोठी हानी झाली नाही. परंतु भूकंपाचा उगम शहराच्या पोटातही असू शकतो, याची आठवण त्याने करून दिली.

उष्णतेचे काम याहून संथ असते. मे-जून महिन्यांत दिल्लीचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तर जानेवारीच्या पहाटे ते पाच अंशांच्याही खाली उतरते. छत दिवसा प्रसरण पावते व रात्री आकुंचन पावते आणि त्याच्या खालच्या भिंतीला वर्षानुवर्षे ढकलत राहते. छतालगत आडवी भेग दिसते ती बहुधा यामुळेच. ऊन सांधे सैल करते आणि भूकंप त्याच सैल सांध्यांची परीक्षा घेतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे.

पहिले काम : छतावरील ओझे उतरविणे

जमीन अचानक हलते तेव्हा छत जडत्वामुळे जागीच राहू पाहते. छत जितके जड, तितका भिंतींवर येणारा आडवा जोर अधिक. हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होता. तेथील घरांच्या भिंती जाड असल्या तरी त्या मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या आणि वर माळवदाचा मातीचा जाड थर होता. ऊन अडविण्यासाठी घातलेली तीच माती त्या रात्री काळ ठरली.

उत्तर भारतातही छत थंड राहावे म्हणून त्यावर मातीचा थर देऊन वर विटांच्या फरश्या बसविण्याची पद्धत होती. पुढे गळती सुरू झाली की जुना थर न काढता त्यावरच नवा थर चढविला जातो. २० चौरस मीटर छतावर १० सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर असेल, तर त्याचे वजन तीन टनांहून अधिक भरते. हजार लिटर पाण्याची भरलेली टाकी म्हणजे आणखी एक टन.

म्हणून गळती थांबविताना जुने थर शक्य तितके उतरवावेत, उतार नीट करून जलरोधक थर द्यावा आणि वर ऊन परतविणारा पांढरा लेप लावावा. ऊन अडते आणि ओझेही वाढत नाही. टाकी छताच्या मधोमध न ठेवता तिचा भार थेट भिंतींवर जाईल अशी ठेवावी. निकामी टाक्या, उरलेल्या विटा व वाळूचे ढीग छतावर साठवू नयेत.

दुसरे काम : भिंतींची बांधणी

विटांची भिंत दाब उत्तम सहन करते, ताण मात्र सहन करू शकत नाही. धक्का बसला की चार भिंती चार दिशांना झुकू लागतात, कोपरे उघडतात आणि छताचा आधार सुटतो. उघड्या पेटीला दोरी बांधावी तसे घर बांधून घेणे, हाच यावरील उपाय होय.

जुन्या विटबांधकामाच्या मजबुतीकरणासंबंधी भारतीय मानक १३९३५ उपलब्ध आहे. त्यातील सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे दरवाजे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आणि छतालगत जाळीचा पट्टा देणे. त्या पट्ट्यापुरता गिलावा काढून विटांच्या दरजा खरवडतात, भिंत धुऊन ओली करतात व एकास तीन प्रमाणाच्या सिमेंट-वाळूचा सुमारे १२ मिलिमीटरचा पहिला थर देतात. तो ओला असतानाच जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड जाळी लांब खिळ्यांनी ठोकतात आणि वर सुमारे १६ मिलिमीटरचा दुसरा थर चढवितात. कोपऱ्यांवर उभे पट्टे द्यावेत. जाळी कोपऱ्यात तुटता कामा नये; ती वळवून पुढच्या भिंतीवर न्यावी, अन्यथा पट्ट्याचा हेतूच विफल होतो.

गर्डरच्या छतात गर्डर सुटे आणि दगडी पट्ट्याही सुट्या असतात. गर्डर एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी, काही ठिकाणी तिरक्या पट्ट्यांनीही वेल्ड करून जोडावेत आणि त्यांची टोके भिंतीत जखडावीत. पाच मिलिमीटरपर्यंतची भेग सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरून बुजविता येते. त्याहून रुंद भेगेवर जाळीचीही गरज असते. नुसता लांबी-रंग लावणे म्हणजे भेग झाकणे होय, भरणे नव्हे.

चुन्याच्या सांध्यांच्या भिंतीवर सर्वत्र कडक सिमेंटचा गिलावा चढवू नये. तो ओल आत कोंडून ठेवतो व काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. जाळीच्या पट्ट्यांपुरतेच सिमेंट वापरून उर्वरित दरजा व गिलावा चुन्याचाच ठेवावा.

दुकानासाठी किंवा मोठ्या खोलीसाठी तळमजल्यावरील भार पेलणारी भिंत अभियंत्याच्या सल्ल्यावाचून कधीही काढू नये. पहाडगंजसारख्या वस्तीत ती भिंत शेजाऱ्याच्या घरालाही आधार देत असू शकते.

तिसरे काम : पाणी मारणे

सिमेंट वाळल्याने घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. उन्हात तापलेली कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि उरलेले पाणी लू उडवून नेते. असा सांधा वरून भरीव दिसला तरी खिळ्याने खरवडताच त्यातून वाळू गळते. विटा लावण्यापूर्वी भिजवून घ्याव्यात, मसाला लागेल तेवढाच कालवावा, काम सकाळी किंवा सायंकाळी करावे आणि झालेल्या कामावर ओले गोणपाट टाकावे. नव्या भिंतीवर किमान सात दिवस पाणी मारावे. कोरड्या व उष्ण हवेत काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. शक्य असल्यास हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणे सर्वांत सोयीचे. दिल्लीत राजमिस्त्री पाणी मारण्याला ‘तराई’ म्हणतात. तराई कोण करणार, हे काम ठरवितानाच ठरवून घ्यावे. मजुरी चुकती झाल्यावर पाणी मारायला कोणी फिरकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

अंदाजपत्रक, कर्ज आणि विमा

दुरुस्तीसाठी कर्ज घेताना अंदाजपत्रक केवळ ठेकेदाराकडून न घेता स्थापत्य अभियंत्याकडून घ्यावे. त्यात ‘दुरुस्ती व रंगकाम, एकूण रक्कम’ असा एकच ठोक आकडा नसावा. छतावरील थर काढणे, भेगा भरणे, जाळीचे पट्टे, गर्डरांची जोडणी, जलरोधन आणि अखेरीस फरशी व रंग अशा स्वतंत्र बाबी त्यात असाव्यात. पैसा कमी पडलाच तर तो शेवटच्या दोन बाबींना कमी पडावा. रचनेत बदल होणार असल्यास परवानगीबाबत महानगरपालिकेकडे आधी चौकशी करावी.

जाळी एकदा गिलाव्याखाली गेली की ती बसविली की नाही, हे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे दुसरा थर देण्यापूर्वी अभियंत्याकडून पाहणी करवून घ्यावी, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि त्यानंतरच ठेकेदाराला त्या टप्प्याचे पैसे द्यावेत. बँक कर्जाची रक्कम कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने देते तेव्हा काही ग्राहकांना ती अडवणूक वाटते. वस्तुतः त्या पद्धतीने ग्राहकाचेच हित जपले जाते.

जुनी करप्रणाली निवडलेल्या करदात्यास, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ही रक्कम गृहकर्जाच्या व्याजासाठी असलेल्या दोन लाख रुपयांच्या एकूण मर्यादेतच धरली जाते. विम्याच्या बाबतीत, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत भूकंपाचे संरक्षण मूळ योजनेतच अंतर्भूत आहे. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, जागेच्या बाजारभावावर नव्हे. म्हणूनच महागड्या वस्तीतील लहान घराचाही हप्ता बहुधा परवडण्याजोगा असतो.

विमा घर पुन्हा उभारण्यास साह्य करील. घरातील माणसे वाचविण्याचे काम मात्र भिंतींनाच करावे लागते. यंदा दुरुस्ती काढण्याचा विचार असेल, तर रंगाची छटा निवडण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन किती ओझे साठले आहे ते पाहावे आणि खाली येऊन खोल्यांचे कोपरे तपासावेत. खर्चाची यादी तेथूनच सुरू करावी.