न्यूट्रल तुटतो तेव्हा

एप्रिल-मे महिन्यांत बेंगळुरूला वळवाचा पाऊस येतो. इथले लोक त्याला ‘मँगो शॉवर्स’ म्हणतात. दुपारभर तापलेल्या शहरावर ढग दाटतात, धुळीचा लोट उठतो आणि मल्लेश्वरम, जयनगरसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये गुलमोहराच्या, पर्जन्यवृक्षाच्या फांद्या मोडून खांबावरच्या तारांवर कोसळतात. अशा वेळी एखाद्या घरात विचित्र प्रकार घडतो. लाइट जात नाही. उलट पिवळा बल्ब पांढराफटक पेटतो, पंखा घोंगावू लागतो आणि टीव्हीच्या मागून ‘फट्’ आवाज येऊन जळका वास सुटतो. शेजारच्या घरात मात्र त्याच क्षणी दिवे मिणमिणत असतात.

घरची माणसं म्हणतात, वीज पडली. पण एका घरात उजेड वाढतो आणि दुसऱ्या घरात कमी होतो, ही खूण आकाशातल्या विजेची नव्हे. फांदीबरोबर न्यूट्रलची तार तुटली आहे.

रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये ४००. एका घराला एक फेज, शेजाऱ्याला दुसरी, आणि परतीची वाट म्हणून न्यूट्रल दोघांचा एकच. ती वाट तुटली, की दोन्ही घरं दोन फेजच्या मधोमध एकाच माळेत ओवली जातात. एका घरात २,००० वॉटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्यात टीव्ही, पंखा मिळून २०० वॉट, असं समजू. ओहमच्या नियमाने हिशेब केला तर गिझरवाल्या घराच्या वाट्याला जेमतेम ३६ व्होल्ट येतात आणि दुसऱ्या घरावर ३६४ व्होल्ट आदळतात. ज्यानं वीज जपून वापरली, त्याचंच सामान जळतं. ही स्थिती तार जोडली जाईपर्यंत टिकते; कधी काही मिनिटं, कधी त्याहून बराच जास्त वेळ.

शहराच्या जुन्या पेठेतला एस. पी. रोड हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. अशा जळालेल्या वस्तूचा सर्किट बोर्ड उघडला, की दुरुस्ती करणाऱ्याची नजर आधी दोन जागी जाते. पहिली जागा म्हणजे चार आण्याच्या नाण्याएवढी, बहुधा निळी चकती, अर्धी फुटलेली, भोवती काजळीचा फराटा. दुसरी म्हणजे डोकं फुगलेला कपॅसिटर. त्याच्यावर ‘४०० व्होल्ट’ किंवा ‘४५० व्होल्ट’ असं छापलेलं असतं. घरातले २३० व्होल्ट ही सरासरीची एक रीत आहे. प्रत्येक लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून हा कपॅसिटर एरवी सुखात असतो. पण पुरवठा ३६४ झाला, की माथा ५१५च्या जवळ पोहोचतो. एवढ्या दाबापुढे कपॅसिटर टिकत नाही.

निळ्या चकतीची गोष्ट अधिक रंजक आहे. तिला एमओव्ही म्हणतात. झिंक ऑक्साइडचे कण भट्टीत भाजून ती बनते. मिचिओ मात्सुओका यांनी जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिचा शोध लावला. प्रत्येक दोन कणांच्या सीमेवर जणू एक दार असतं आणि ते सुमारे ३ व्होल्टला उघडतं. अशी शे-दीडशे दारं एकामागे एक लागली, की चकती घरगुती विद्युतदाबाला बंद राहते आणि दाब हजारांत गेला, तर सेकंदाच्या अब्जांशात उघडून तो लोंढा दुसरीकडे वळवते. ‘स्पाइक गार्ड’ म्हणून जो एक्स्टेन्शन बोर्ड विकत मिळतो, त्याच्या पोटात मुख्यतः हीच चकती असते.

मात्र ती केवळ क्षणिक धक्क्यासाठी आहे. आकाशातली वीज तारेजवळ पडली, तर तारेत उठणारा धक्का मायक्रोसेकंदांत येऊन जातो. प्रयोगशाळेत घरगुती संरक्षक साधनं तपासताना ६,००० व्होल्ट आणि ३,००० अँपिअरचा असाच धक्का देतात. त्या विद्युतप्रवाहाचा माथा ८ मायक्रोसेकंदांत गाठला जातो आणि २० मायक्रोसेकंदांत तो निम्म्यावर येतो. बेंगळुरूतच भारतीय विज्ञान संस्थेच्या उच्चदाब प्रयोगशाळेत लाखो व्होल्टच्या कृत्रिम विजा पाडून अभ्यास होतो. मायक्रोसेकंदांचा धक्का चकती सोसते. न्यूट्रल तुटल्यावरचे ३६४ व्होल्ट मिनिटभर राहिले, तर ती तापून फुटते.

उलट स्टॅबिलायझर. त्यातला रिले हलायला मिलिसेकंद लागतात, म्हणजे विजेच्या धक्क्यापुढे तो हजारपट संथ. पण वाढलेल्या दाबाला पुरवठा तोडणं आणि लाइट परत आल्यावर फ्रिजच्या कॉम्प्रेसरला काही मिनिटं थांबवणं, ही कामं तो नीट करतो. दुकानात एकाच डब्यात सगळं संरक्षण मिळतं असं सांगितलं जातं, ते खरं नाही. दोन दुखण्यांना दोन औषधं लागतात. न्यूट्रलच्या दुखण्यावर मीटरजवळच्या बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हा खरा उपाय: दाब २७०च्या आसपास गेला, की तो अख्ख्या घराचा पुरवठा कापतो. फ्लॅट घेताना फरशीचा रंग निवडायला आठवडे जातात. या एका उपकरणाची चौकशी कुणी करत नाही, याचं वाईट वाटतं.

विजेच्या धक्क्यासाठी त्याच बोर्डात एसपीडी हे मोठ्या ताकदीचं साधन बसवतात. त्याची तार आखूड हवी. साध्या तारेच्या प्रत्येक मीटरवर, १०,००० अँपिअरचा धक्का जाताना, हजारभर व्होल्ट उभे राहतात. वायरमनने दीड मीटर तार सुबक गुंडाळून ठेवली, तर साधनाने अडवलेला दाब तार परत घरात आणते. अर्ध्या मीटरच्या आत जोडणी हवी, असं मानकं सांगतात.

आणि शेवटी तो लोंढा जमिनीतच जायचा असतो. इथे बेंगळुरूची अडचण सुरू होते. लालबागेतला तो प्रसिद्ध खडक, सुमारे ३०० कोटी वर्षांचा, नाइस जातीचा, साऱ्या शहराखाली पसरला आहे. काही ठिकाणी थोडी लाल माती खणली, की पहार त्याच्यावर आपटते. कोरडा खडक वीज वाहून नेत नाही. म्हणून अर्थिंगचा पाइप पुरेसा खोल जात नसेल तिथे दोन-तीन खड्डे घेऊन पाइप एकमेकांना जोडावे लागतात. अर्थिंग बिघडलंय म्हणून घरातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. पुढे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर, गिझरच्या टाकीवर जीवघेणा दाब येतो.

५ ऑगस्ट १९०५ रोजी शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज या शहराच्या रस्त्यांवर आली, तेव्हा धक्क्याने फार तर बल्ब गेला असता. आज एका टीव्हीला वीज, छतावरची डिश आणि राउटरची तांब्याची केबल अशा तीन वाटांनी धक्का पोहोचू शकतो. बाहेरून आलेली फायबरची काच वीज वाहत नाही, पण मजल्यामजल्यांत फिरवलेली केबल वाहते. गडगडाट सुरू झाला, की प्लगबरोबर डिशची वायरही काढावी लागते. आणि पंखा अचानक घोंगावला, तर मेन स्विच आधी बंद करावा, कारणं नंतर शोधत बसावीत.

मार्चमध्ये, पहिल्या वळवाच्या आधी, वायरमनला बोलावून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. तो येण्याआधी खड्ड्यावरचं झाकण उघडून पाहावं. बहुतेक इमारतींत त्यावर कुंड्या ठेवलेल्या असतात आणि आत कोळसा-मिठाचा थर उन्हाने कोरडा ठणठणीत पडलेला असतो.