मेंदूतील लोहकण : औषध कोठवर, धोका कोठून?

लोह म्हटले की पंडुरोग आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आपणांस आठवते. मेंदूलाही लोह लागतेच. मज्जातंतूंचे आवरण घडण्यास आणि डोपामीन तयार होण्यास ते आवश्यक असते. मात्र हेच लोह मोकळे सुटले तर पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन अत्यंत दाहक घटक निर्माण होतात. लोह व पेरॉक्साइड या जोडीची करामत हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदविली होती. म्हणून शरीर लोहाला फेरिटिन नामक प्रथिनाच्या पेटीत बंदिस्त ठेवते. एका पेटीत सुमारे ४५०० अणू मावतात.

आता वैद्यक हेच लोह अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने मेंदूच्या उपचारांसाठी वापरू पाहत आहे. फेरुमॉक्सिटॉल हे असे एक औषध. मूत्रपिंडाच्या रुग्णांतील पंडुरोगासाठी त्यास २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे मेंदूतील गाठींच्या एमआरआय चित्रणासाठीही डॉक्टर ते वापरू लागले. त्याचा मोठा धोका मेंदूत नसून रक्तात आढळला. काही रुग्णांस प्राणघातक ॲलर्जी झाल्याने २०१५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापावयास लावला. शिरेतून गेलेले हे कण यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात आणि त्यातील लोह शरीराच्या साठ्यात जमा होते. येथवर वाट परिचित आहे.

कण थेट मेंदूत सोडले की प्रश्न बदलतो. बर्लिनच्या संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमा या दुर्धर गाठीत लोहकणांचा द्राव टोचला आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र आलटून-पालटून ते कण तापविले. जोडीला किरणोपचार दिले. गाठ उलटलेल्या ५९ रुग्णांवरील निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ उलटल्यानंतरचे मध्यक आयुष्य १३.४ महिने भरले. आकडा आशादायक खरा, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही. शिवाय किंमतही होती : दातांत भरलेला धातू आधी काढावा लागे, आणि कण मेंदूतच राहत असल्याने त्या भागाचे एमआरआय पुढे निरुपयोगी ठरे. २०१९ मध्ये जर्मनीतीलच सहा रुग्णांचा वृत्तांत आला. शस्त्रक्रियेनंतरच्या पोकळीत बसविलेल्या कणांभोवती मोठी सूज आली आणि काहींच्या मेंदूतून ते कण पुन्हा शस्त्रक्रियेने काढावे लागले. त्याच सहांपैकी दोघांना मात्र दीर्घकाळ लाभ झाला. एकच उपाय एकास तारक, दुसऱ्यास तापदायक.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे थोरोट्रास्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९३० च्या दशकात हे थोरियमयुक्त द्रव्य मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणासाठी टोचले जाई. चित्रे सुरेख येत, तत्काळ त्रासही दिसत नसे. यकृतातील भक्षक पेशींनी ते साठविले आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग उद्भवले. लोह किरणोत्सारी नाही, म्हणून ही तुलना फार ताणू नये. तथापि 'आज त्रास नाही' म्हणजे 'धोका नाही' नव्हे, एवढे त्या प्रकरणातून निश्चित दिसते.

लोहकण केवळ औषधातूनच मेंदूत जातात असेही नाही. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूंत गोलाकार मॅग्नेटाइट कण आढळले. ज्वलनाच्या धुरातील कणांशी त्यांचे साम्य होते. त्यांनीच स्मृतिभ्रंश होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

आपल्या घरातील कोणास असा उपचार सुचविला गेला, तर डॉक्टरांना पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात : कण रक्तात देणार की थेट मेंदूत? त्यांवरील आवरण कशाचे, व ते किती काळ टिकते? कण मागे राहिल्यास पुढील तपासण्या कशा होणार? आणि हा मान्यताप्राप्त उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल, तर संमतिपत्र मराठीतून मागून घ्यावे आणि ते वाचून समजल्यावरच सही करावी.