आखाजीची बोली आणि कायद्याची मजुरी

आखाजी आली की चोपडा तालुक्यात सालदारांचं नवं साल सुरू होतं. वर्षाचा आकडा ठरतो, धान्य किती ते ठरतं, उचल हातात पडते. कागद बहुतेकदा नसतोच. चार माणसांसमोर झालेली बोली हाच करार. खानदेशात शब्दाला मान आहे आणि तो राहायलाच हवा. पण त्यातूनच एक समजूत घट्ट बसली आहे: दोघांनी कबूल केलं, आता कायद्याचा काय संबंध?

संबंध आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला मजुरानं होकार दिला, अगदी अंगठा उठवला, तरी ती कबुली कायद्यापुढे टिकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक मांडलं आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम ही वेठबिगारी आहे. पोटाची भूक माणसाला 'हो' म्हणायला लावते, तीही सक्तीच. आता वेतनाचे चार जुने कायदे एकत्र करणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यातही असा करार रद्दबातलच ठरतो.

उचलीचंही तसंच. घेतलेली उचल मजुरीतून वळती करता येते, पण सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. 'उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही' असं म्हणून माणसाला अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

सर्वांत जास्त गोंधळ कापूस वेचणीत होतो. सकाळी ओटी बांधून बाया वावरात शिरतात आणि संध्याकाळी बांधावर काटा लागतो. पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात, त्यामुळे किलोचा हिशेब परवडतो. तिसऱ्या वेचणीला तीच बाई तितकंच वाकते, बोटांना पऱ्हाटी तितकीच ओरबाडते, पण काट्यावर निम्मंही भरत नाही. 'किलोवर काम, मग किमान वेतन कसलं?' असं तेव्हा सहज म्हटलं जातं. कायदा वेगळं सांगतो. त्या कामाला दिवसाचाच किमान दर ठरलेला असेल, तर पूर्ण दिवस राबलेल्या बाईच्या हातात त्याहून कमी पडता कामा नये. माझ्या मते हा नियम प्रत्येक बांधावर मोठ्यानं वाचून दाखवावा. आणि त्याच वावरात तेच काम करणाऱ्या गड्याला जास्त, बाईला कमी, ही रीतही बेकायदा आहे.

बाजारपेठेत दुसरीच समजूत: दुकानात दहाच्या आत माणसं, म्हणून आपल्याला काही लागू नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने अधिनियमातल्या अनेक तरतुदी दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानांना लागू होतात, त्यातून हा घोळ झाला. किमान वेतनाला मात्र माणसं मोजायची नसतात. कपड्याच्या दुकानातला एकटा पोऱ्यादेखील त्याचा हक्कदार आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, जादा तासांचे पैसे किमान दुप्पट दरानं. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत.

'पण पुरावा कुठाय?' या प्रश्नापाशी बरेच जण माघार घेतात. पैसे कमी मिळाल्याचा दावा दाखल झाला, की पूर्ण पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. तरीही कामाचे दिवस आणि मिळालेली रक्कम एका साध्या वहीत लिहून ठेवा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पहिली चौकशी जळगावच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करा, आणि जाताना ती वही सोबत न्या.