असुराचा वर, खेळातला नियम

खेळ : 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', १९७४. कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. नियमाच्या अर्थाबद्दल वाद झाला, तर अंतिम निर्णय खेळ चालवणाऱ्या 'डन्जन मास्टर'चा.

राक्षस : १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये हा वाघतोंड्या, मायावी प्राणी आहे. साध्या शस्त्राने त्याला इजा होत नाही. पुरोहिताने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागताच मात्र तो मरतो. मंतरलेला म्हणजे नेमका कसा, यावर खेळाडूंत वाद होऊ शकतो. २०१४च्या आवृत्तीत बाणाची अट गेली. सत्प्रवृत्त पात्राच्या हातातले टोकदार जादुई शस्त्र त्याला दुप्पट इजा करते. वाघाचे मुंडके ही खेळाची कल्पना. पुराणांतले राक्षस कामरूपी, म्हणजे हवे ते रूप घेणारे.

रांजणगाव (ता. शिरूर) : अष्टविनायकांपैकी महागणपती. त्रिपुरासुराच्या वधापूर्वी शंकराने येथे गणेशाची आराधना केली, अशी स्थानकथा. पुराणांनुसार असुरांना मिळालेल्या वरातही खेळातल्यासारखीच अट होती : सोने, चांदी आणि लोखंड यांची त्यांची तीन फिरती पुरे (नगरे) हजार वर्षांनी एकदाच एकत्र येत. तेव्हा एकाच बाणाने तिन्ही भेदली, तरच नाश. अट पाळूनच शंकराने ती जाळली.

सिद्धटेक : हेही अष्टविनायकांपैकी एक; दौंडजवळ, भीमेपलीकडे, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर. मधु आणि कैटभ या असुरांशी लढताना विष्णूला येथे सिद्धी मिळाली, अशी श्रद्धा. 'देवीमाहात्म्या'त या दोघांनी विष्णूलाच वर दिला. त्याने त्यांचाच मृत्यू मागितला. चहूकडे पाणी पाहून त्यांनी अट घातली : जमीन पाण्याखाली नसेल तिथेच मारावे. विष्णूने त्यांना मांडीवर घेऊन चक्राने मस्तके छेदली.