सायटिका : कळ पायात, मूळ कमरेत

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. सकाळचा दवाखाना नुकताच उघडला होता. एक गृहस्थ जिन्याचा कठडा धरून वर आले. वय अडतीस, घर कोथरूडला, नोकरी हडपसरला. म्हणजे रोज दोन वेळा सारे पुणे स्कूटरवरून ओलांडायचे. एका अंगाला झुकलेले, डावा पाय जेमतेम टेकवत होते. बसा म्हटले तर म्हणाले, "डॉक्टर, उभाच बरा आहे. बसलं की पोटरीत वीज चमकते. जरा पाय बघा."

"आणि कंबर?" मी विचारले.

"कमरेचं काही नाही. आठ दिवसांपूर्वी गॅसची टाकी उचलताना उसण भरली होती. आईनं शेजारच्या पायाळू मुलाचा पाय लावून घेतला, दोन दिवसांत कंबर मोकळी झाली. आता हे पायाचं नवीनच निघालं."

नवीन काही निघाले नव्हते. तेच दुखणे कमरेतून पायात उतरले होते. त्यांना टेबलावर उताणे निजवून मी डावा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलला. तो हातभर वर जातो न जातो तोच ते ओरडले. कळ कुल्ल्यापासून थेट पावलापर्यंत गेली होती.

या दुखण्याला सायटिका म्हणतात. आयुर्वेदात याचे वर्णन 'गृध्रसी' या नावाने आहे. कळ कुल्ल्यातून मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते, असे चरकसंहितेत सांगितले आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असे वैद्य सांगतात.

बटण दारात, घंटा घरात

कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांजवळून आणि त्याखालच्या माकडहाडाकडच्या भागातून मज्जातंतूंची काही मुळे निघतात. ती एकत्र येऊन कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली जाणारी एक जाड नस बनते. शरीरातली ही सर्वांत जाड नस. काही ठिकाणी ती बोटाएवढी जाड असते. पोटरी, पाऊल आणि बोटे यांना हिच्याच शाखा जातात.

दारावरच्या बेलचे बटण बाहेर असते आणि घंटा घरात वाजते. सायटिकाचे तसेच आहे. नस दाबली जाते कमरेत, पण मेंदूला वाटते की पोटरी दुखते आहे. म्हणून पोटरीला कितीही तेल चोळले तरी ती घंटा चोळण्यासारखीच गोष्ट होते.

हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे, असे इटलीतील नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने 1764 साली ग्रंथ लिहून मांडले. पण तंतू दुखावतो कशाने, हे नीट कळायला आणखी 170 वर्षे जावी लागली. 1934 साली अमेरिकेतील बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिले की पुष्कळ रोग्यांमध्ये मणक्यांमधली चकती फुटून तिचा गाभा मज्जातंतूच्या मुळावर दाबतो.

चकती 'सरकते' म्हणजे काय?

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिला आपण चकती किंवा डिस्क म्हणतो. बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गाभा. उकडीच्या मोदकाला चीर पडली की सारण बाहेर डोकावते, तसा कड्याला चीर पडली की गाभा बाहेर येतो. चकती जागेवरून सरकत नाही. बाहेर आलेला गाभा नसेच्या मुळाला टेकतो आणि त्यातल्या रसायनांमुळे तिथे सूज येते. कळ दाबामुळे जेवढी असते, तेवढीच या सुजेमुळेही असते.

यातच आशेची गोष्ट आहे. सूज उतरते. बाहेर आलेला गाभा शरीर हळूहळू शोषून घेते. म्हणूनच बहुतेक रोगी ऑपरेशनशिवाय बरे होतात.

सायटिकाची इतरही कारणे आहेत. साठीनंतर मणक्यातला मार्ग अरुंद होतो. मग थोडे चालले की पाय भरून येतात आणि खाली वाकले किंवा बसले की बरे वाटते. मागच्या खिशातल्या जाड पाकिटावर तासन्‌तास बसणाऱ्यांनाही कुल्ल्यातली नस त्रास देते. पाकीट पुढच्या खिशात ठेवणे हे फुकटचे औषध आहे. कुल्ल्यावर चुकीच्या जागी घेतलेल्या इंजेक्शनानेही नस दुखावते. म्हणून सुई कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागातच हवी आणि ती जाणकाराच्याच हातून घ्यावी.

'मणक्यात गॅप आला का?'

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. पाठोपाठ एम.आर.आय.ची पिशवी टेबलावर येते. वाचकहो, या फोटोने घाबरून जाऊ नका. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या 30 टक्के लोकांची चकती फुगलेली दिसली, तर ऐंशीतल्या 84 टक्के लोकांची. यांपैकी कोणालाही दुखत नव्हते. चकतीचे असे बदल हे बरेचसे केस पिकण्यासारखे आहेत. फोटोतला दोष आणि रोग्याची तक्रार यांचा मेळ बसला तरच त्या फोटोला अर्थ. पहिल्या काही आठवड्यांत, धोक्याची खूण नसेल तर, एम.आर.आय.ची गरज सहसा पडत नाही.

झोपून राहावे का?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. दवाखाना सुरू केला त्या काळात मीही रोग्यांना सांगत असे, "तीन आठवडे फळीवर निजून राहा." आम्हाला तसेच शिकवले होते. माणसे बिचारी निजत. नोकरीवरचा पगार जाई, शेतातली पेरणी राही, आणि उठल्यावर पायातले बळही गेलेले असे.

1999 साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रोग्यांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, निम्म्यांना झेपेल तसे हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत 87 टक्के लोक बरे वाटते असे सांगत होते. अंथरुणाचा काहीही जास्त फायदा झाला नव्हता. तेव्हापासून मी फळीचा सल्ला सोडला. कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस आडवे व्हावे, पण मधूनमधून उठावे. त्यानंतर झेपेल तशी हालचाल ठेवावी.

घरी काय करावे?

उताणे निजताना गुडघ्यांखाली दोन उशा घ्या, कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवा. फळी नको आणि खड्डा पडलेली गादीही नको. साधी घट्ट गादी पुरे.

दिवसातून पाच-सहा वेळा पाच-दहा मिनिटे सपाट जमिनीवर चाला. एकदम पर्वती चढायला जाऊ नका. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. शेक दिल्याने बरे वाटत असेल तर जरूर घ्या. मात्र पाय बधिर असेल किंवा मधुमेह असेल, तर पायाला गरम पिशवी लावू नका. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

काहींना पालथे निजून हाताच्या कोपरांवर छाती थोडी उचलल्याने आराम पडतो. इथे एक खूण लक्षात ठेवा. व्यायामाने पायातली कळ वर सरकत कमरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण. कळ उलटी पावलाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा.

पुण्यात योगासनांचा विषय निघणारच. बी. के. एस. अय्यंगार यांनी 1975 साली शिवाजीनगर भागात योगसंस्था सुरू केली आणि दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत जगभर नेली. आधार घेऊन शरीराला झेपेल तेवढेच करायचे, हे त्यामागचे तत्त्व सायटिकाच्या रोग्याने जरूर घ्यावे. पण पुस्तकात पाहून घरी स्वतःच पश्चिमोत्तानासन करू नये. कळ ताजी असताना पुढे वाकण्याची आसने अपाय करतात. योग असो की फिजिओथेरपी, ती जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली हवी.

ओझे उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे मोडून खाली बसा, वस्तू छातीशी धरा, मग उठा. पाण्याचा हंडा असो, धान्याचे पोते असो की गॅसची टाकी, नियम एकच. वजन उचलून कंबर पिळू नका. वळायचे तर पावले वळवा. स्कूटरवर असाल तर खड्डा आणि गतिरोधक हळू ओलांडा. आणि तंबाखू-सिगारेट सोडा. धूम्रपान करणाऱ्यांत चकतीची दुखणी अधिक आढळतात.

औषधे आणि ऑपरेशन

वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस घेता येतात, पण डॉक्टरांना विचारून. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा हृदयरोग असेल तर दुकानातून परस्पर आणलेली गोळी महागात पडते. नाव नसलेल्या पुड्या तर मुळीच घेऊ नका. त्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. नसेची म्हणून सर्रास दिली जाणारी प्रिगॅबलिन ही गोळी सायटिकात साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, असे 2017 सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले. ती चालू असेल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

ऑपरेशनची भीतीही नको आणि घाईही नको. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेले 283 रोगी होते. ज्यांचे ऑपरेशन लवकर झाले त्यांची कळ लवकर थांबली. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन करावेच लागले. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले 95 टक्के लोक बरे झालेले होते. तेव्हा दोन-तीन महिने नीट उपचार करूनही कळ जगू देत नसेल, तर ऑपरेशन हा उत्तम पर्याय आहे. निर्णय रोग्याने सर्जनशी बोलून, समजून घ्यावा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

वीसेक वर्षांपूर्वीची एक रोगी मी विसरू शकत नाही. पन्नाशीच्या मावशी, घरकाम करणाऱ्या. पायात कळ म्हणून आल्या, मी तपासून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची सून धावत आली. सासूबाईंना दीड दिवस लघवी झाली नव्हती, आणि मागची-पुढची जागा बधिर पडली होती. मावशी लाजेने बोलल्या नव्हत्या. पण खरी चूक माझी. अशा वेळी लगेच काय करायचे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. रात्रीच ऑपरेशन झाले. कळ गेली, पण लघवीवरचा ताबा पूर्ण परत आला नाही.

कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो. चकतीचा मोठा तुकडा त्यावर दाबला की असे होते. हे क्वचित घडते, पण घडले तर प्रत्येक तास मोलाचा. म्हणून हे कात्रण कापून ठेवा :

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली. शौचावरचा ताबा गेला. सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर झाली. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात जा.

चालताना पायातली चप्पल निसटते, टाचेवर किंवा चवड्यावर उभे राहता येत नाही, पाय दिवसेंदिवस लुळा पडतो आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर मणक्याचा क्षय किंवा दुसरा गंभीर आजार नाही ना हे तपासलेच पाहिजे.

कोथरूडचे ते गृहस्थ सात आठवड्यांत बरे झाले, ऑपरेशनशिवाय. हल्ली ते बसने कामावर जातात. त्यांच्या आईने मला हसत विचारले, "मग त्या पायाळूचा काही उपयोग नाही म्हणता?" मी म्हटले, "आजी, त्यानं काही बिघडवलं नाही. कळ आपसूक खाली उतरली आणि श्रेय त्याला मिळालं."

उसण आपसूक जाते, सायटिकाही बहुधा जाते. तोपर्यंत हिंडत-फिरत धीर धरायचा. मात्र लघवी अडली, की लाज बाजूला ठेवून बोलायचे.