हरवलेल्या नावांचा शोध

इ. स. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला, तेव्हा आपण हिंदुस्थानच्या परिसरात येऊन पोहोचलो, अशी त्याची समजूत झाली. म्हणून तेथील रहिवाशांना त्याने 'इंडियन' म्हटले आणि ते चुकीचे नाव त्यांना कायमचे चिकटले. वास्तविक तेथे एकच एक समाज नव्हता. तैनो, पिक्वॉट, नॅरागन्सेट, यूट, नव्हाहो अशी शेकडो राष्ट्रे त्या भूमीवर नांदत होती. प्रत्येकाची भाषा निराळी, चालीरीती निराळ्या.

आफ्रिकेतील माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेत नेली गेली, ही करुण हकीकत बहुतेकांच्या कानी आलेली असते. परंतु अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांनाही त्यांच्याच भूमीवर गुलाम करण्यात आले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. इ. स. १४९५ मध्ये खुद्द कोलंबसाने सुमारे ५५० तैनो स्त्रीपुरुष स्पेनकडे धाडले. त्यांपैकी सुमारे २०० जण समुद्रातच मरण पावले. तेव्हापासून इ. स. १९०० पर्यंत २५ ते ५० लक्ष मूलनिवासी गुलामगिरीत पडले असावेत, असा आंद्रेस रेसेंदेस या इतिहासकाराचा अंदाज आहे.

एवढी मोठी गोष्ट लोकांच्या नजरेआड राहिली कशी? याचे एक कारण मोठे चमत्कारिक आहे. इ. स. १५४२ मध्ये स्पेनच्या राजाने मूलनिवासींना गुलाम करण्यास बंदी घातली. कायदा चांगला होता, पण पळवाटा शोधणारे त्याहून हुशार होते. एका टोळीने पकडलेले मूल दुसऱ्याने पैसे देऊन घ्यावयाचे आणि या खरेदीला 'सोडवणूक' म्हणावयाचे! सोडवणुकीचे पैसे फेडण्यासाठी त्या मुलाने वर्षानुवर्षे घरात राबावे, असा रिवाज पडला. कागदोपत्री ते गुलाम नव्हतेच. ते घरात 'वाढवलेले' मूल होते. गोड शब्दांच्या आड केवढा अन्याय दडू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अशा स्थितीत ही माणसे शोधावयाची कोठे? ती अनेक ठिकाणी विखुरलेली आहेत : चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, मृत्युपत्रात, खरेदीखतात, न्यायालयाच्या दप्तरात, पळून गेलेल्या नोकराच्या जाहिरातीत. एका कागदावर एखादी ओळ, दुसऱ्यावर नुसते नाव. हे कागदही अनेक देशांतील दप्तरखान्यांत पडलेले. म्हणूनच आता त्यांची छायाचित्रे घेऊन संगणकावर डिजिटल संग्रह उभारले जात आहेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एस्तेवान राएल-गाल्वेझ यांच्या नेतृत्वाखाली 'नेटिव्ह बाउंड–अनबाउंड' हा संग्रह तयार होत आहे. रोड आयलंड राज्यातील ब्राउन विद्यापीठात लिनफर्ड फिशर व त्यांचे सहकारी यांनी 'स्टोलन रिलेशन्स', म्हणजे हिरावलेले आप्त, हा संग्रह सिद्ध केला असून तो इ. स. २०२५ मध्ये सर्वांना खुला झाला.

काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम जुने हस्ताक्षर लावावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद वाचणाऱ्याला जी चिकाटी लागते, तीच येथेही हवी. पुढे खरी मेहनत सुरू होते. समजा, एका वहीत पाच वर्षांच्या नव्हाहो मुलीचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. आईबापांचा उल्लेख नाही. मालकाच्या घराण्याचे नाव मात्र ठळक आहे. त्याच दिवशी तिला नवे स्पॅनिश नाव मिळाले. पंधरा वर्षांनी त्याच घरातील त्याच नावाच्या तरुणीच्या विवाहाची नोंद सापडते आणि पुढे खानेसुमारीत तिची मुले दिसतात. ही सारी एकच व्यक्ती काय, हे वय, गाव आणि घराणे ताडून ठरवावे लागते. दुवा जुळला, म्हणजे सुट्या ओळींतून एक जीवन उभे राहते.

सगळेच दुवे जुळत नाहीत. इ. स. १६७५–७६ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये वाम्पानोआग लोकांचा नायक मेटाकॉम हा इंग्रज वसाहतवाल्यांशी लढला. तो मारला गेला. त्याची पत्नी व नऊ वर्षांचा मुलगा कैद झाले. त्या बालकाला ठार मारावे की काय, यावर धर्मोपदेशकांनी गंभीरपणे पत्रव्यवहार केला! अखेर त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. त्याच्याविषयी एवढी पत्रे लिहिली गेली, पण त्याचे नाव एकानेही लिहून ठेवले नाही.

याउलट काही याद्या थक्क करतात. इ. स. १८६५ मध्ये कोलोरॅडोतील कोनेहोस व कोस्टिया या परगण्यांतील बंदिवानांची यादी लाफायेट हेड या सरकारी अधिकाऱ्याने केली. मालक कोण, बंदिवानाचे नाव काय, तो कोणत्या राष्ट्राचा, वय किती, कोणाकडून विकत घेतला, हे तीत नोंदले आहे. त्यांत लहान मुले पुष्कळ आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या संविधानाने गुलामगिरी रद्द केली. तरी न्यू मेक्सिकोतील कर्जापोटीची वेठ मोडण्यासाठी इ. स. १८६७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

या संग्रहांच्या कामात मूलनिवासी राष्ट्रांचे प्रतिनिधीही सहभागी असतात, आणि ते आवश्यकच आहे. जुन्या कागदांत माणसाचे राष्ट्र पुसून त्याला केवळ 'इंडियन' किंवा 'काळा' असे लिहिलेले असते. ते शब्द जसेच्या तसे उचलले, तर जुना अन्याय नव्याने छापला जाईल. मूळ शब्द का वापरला गेला, हे वाचकाला समजावून द्यावे लागते.

अशा बंदिवानांना व त्यांच्या वंशजांना न्यू मेक्सिकोत 'हेनिसारो' म्हणत. इ. स. १७५४ मध्ये आबिकियू येथे त्यांना जमीन मिळाली व त्यांचे गाव वसले. ते गाव आजही आहे. हेनिसारो हेही मूलनिवासीच होत, असे न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने इ. स. २००७ मध्ये मान्य केले. राएल-गाल्वेझ यांचे काही पूर्वजही असेच बंदिवान होते. त्या घराण्यांतील माणसे आता या संग्रहात आपल्या पणजीची, खापरपणजीची नोंद शोधतात. आणि वहीत आईबापांच्या जागी काहीच लिहिलेले नसले, तरी तिचे राष्ट्र कोणते, एवढे तरी पुष्कळदा त्यांच्या हाती लागते.